एका अक्षराचे दोन दावेदार

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पोथ्या, नियतकालिकांचे बांधीव अंक आणि परिसरातील घराण्यांनी विश्वासाने स्वाधीन केलेले मोडी कागद यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात जतन करण्याचे काम काही वर्षांपासून चालू आहे. ते ज्या दोघांच्या आधारावर चालते त्यांपैकी एक माझे मामा, ज्यांनी उभी हयात भूमि अभिलेख खात्यात कागद सांभाळण्यात घालविली. आणि दुसरा माझा भाचा, जो पुण्यात एका कचेरीतील संगणकांची व्यवस्था पाहतो व सुटीच्या दिवशी येऊन आमच्या तीन यंत्रांची विचारपूस करून जातो. दोघांचीही कागदावर सारखीच निष्ठा, परंतु कागद कोठे व कसा ठेवावा याविषयी त्यांचे क्वचितच एकमत होते. मागच्या मार्गशीर्षात त्यांच्यात जो वाद झाला तो मी कार्यवाह या नात्याने शेजारी बसून ऐकला, आणि तो लिहून ठेवण्याजोगा वाटला म्हणून येथे देत आहे.

प्रसंग असा. वाचनालयाची दोन टेराबाइटची एक बाह्य हार्ड डिस्क एका वाड्यातील छायाचित्रणाच्या कामासाठी दीड वर्ष बाहेर होती. काम पुरे होऊन ती परत आली, आणि आमच्या मदतनीस बाईंनी ती संगणकाला जोडली. डिस्कवरचा दिवा लागला, जोडणी झाल्याचा सूर वाजला, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळापाशी ती सुरक्षितपणे काढून घेण्याचे चिन्हही उमटले. पण जेथे सर्व ड्राइव्हांची यादी दिसते तेथे तिचा मागमूस नव्हता. दीड वर्षाचे श्रम ज्या पेटीत आहेत ती पेटीच दृष्टीस पडत नाही म्हटल्यावर बाईंचा धीर सुटला. त्यातच बाजारातील एका माहीतगाराने फोनवरूनच, ‘फॉरमॅट करून पाहा, मग दिसेल’ असा सल्ला दिला. मी भाच्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला की मी येईपर्यंत कोणीही कशालाही हात लावू नये.

रविवारी तो आला. विंडोजच्या चिन्हावर उजवी कळ दाबून त्याने ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले. तेथे खालच्या भागात प्रत्येक डिस्क एकेका आडव्या पट्टीने दाखविलेली असते. त्यात आमची डिस्क शाबूत होती, तिच्यावर ‘हेल्दी’ असा शेरा होता, आणि तिच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर होते.

“डिस्कला काहीही झालेले नाही,” तो म्हणाला.

मामांनी चष्मा सावरला. “एफ? अरे, एफ तर आपले सामायिक दालन. मुख्य यंत्रावरचे संग्रहाचे दालन या यंत्राला जाळ्यातून जोडले आहे ते एफ याच अक्षराने. एका सर्व्हे नंबरावर दोन खातेदार चढले कसे?”

“अक्षरांच्या याद्या दोन आहेत म्हणून, आजोबा. एक यादी साऱ्या यंत्राची. प्रत्यक्ष जोडलेल्या डिस्क तीत चढतात. दुसरी यादी, ज्या माणसाने यंत्रात प्रवेश केला त्याच्या एकट्याची. जाळ्यावरून जोडलेली दालने तीत असतात. कोणी एफ म्हटले की यंत्र आधी त्या माणसाची यादी पाहते आणि तेथे एफ सापडले की पहिल्या यादीकडे वळतच नाही. डिस्कला अक्षर देणारा जो कारभारी आहे तो पहिल्या यादीवर नेमलेला. दुसरीत काय लिहिले गेले याची त्याला खबर नसते. त्याच्या दप्तरी एफ मोकळे होते, त्याने ते दिले. डिस्क आली, बसली, पण तिच्यासमोर सामायिक दालन उभे असल्यामुळे ती तुम्हांला दिसली नाही.”

“पण अक्षरे सव्वीस असताना हिला एफच का मिळावे?”

“कारण दीड वर्षापूर्वी याच यंत्राने तिला एफ दिले होते. ती नोंद यंत्राच्या रजिस्ट्रीत ‘माउंटेड डिव्हायसेस’ या सदराखाली राहते आणि डिस्क काढून नेली म्हणून पुसली जात नाही. डिस्क परत आली की यंत्र तिला नावाने नव्हे, सहीने ओळखते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चार बाइटांची एक सही असते. ती सही आणि डिस्कवरचा तो भाग नेमका कोठून सुरू होतो तो आकडा, या दोहोंची मिळून ओळख पटते. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत प्रत्येक भागाला १२८ बिटांचा स्वतंत्र क्रमांकच असतो. ओळख पटली, जुनी नोंद निघाली, एफ मोकळे दिसले, झाले. मधल्या काळात आपण ते अक्षर सामायिक दालनाला दिले होते.”

मामांचा चेहरा एकदम उजळला. आपल्या घरचा विषय दुसऱ्याच्या अंगणात भेटल्यावर माणसाचा उजळतो तसा.

“ही तर मिरासदाराची हकिकत झाली,” ते म्हणाले. “पेशवाईच्या काळात दुष्काळाने वा स्वारीच्या धामधुमीने एखादा मिरासदार परागंदा झाला, तर त्याची जमीन गाव पडीक टाकीत नसे, ती कोणा उपऱ्याला कसण्यास देत. उपरी ती वर्षानुवर्षे कशी, सारा भरी, बांध घाली. पण मिरासदाराचे नाव गावाच्या स्मरणातून व कागदातून जात नसे, आणि तो वा त्याचा वंशज परत येऊन उभा राहिला की त्याचा हक्क मान्य करावा लागे. ज्याचे कुळच संपले त्याच्या जमिनीला गतकुळ म्हणत, ती गोष्ट निराळी. तुझ्या यंत्राने या डिस्कला मिरासदार मानले आहे. फरक इतकाच की गावात मिरासदार परत आला तर पंचांना बोलावून दोघांना समोरासमोर बसवीत. येथे दोघेही एका जागेवर बसले आणि कोणी कोणास विचारले नाही.”

“म्हणूनच मी नेहमी म्हणतो की जागेला अक्षर देण्याची ही पद्धतच कालबाह्य आहे.” भाच्याने खुर्ची त्यांच्याकडे वळविली. “ही अक्षरे आली कोठून पाहा. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपीएम ही कार्यप्रणाली रचली तेव्हा यंत्राला एक-दोन फ्लॉपीच असत. त्यांना ए आणि बी म्हणणे सोयीचे होते. तोच प्रघात १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉसने उचलला. १९८३ च्या एक्सटी यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसली. ए व बी ही अक्षरे फ्लॉपींकडे होती म्हणून तिला सी मिळाले. आज घरोघरी फ्लॉपी पाहिलेली नाही अशी मुले आहेत, तरी मुख्य डिस्क सी च राहिली. दोन फ्लॉपींसाठी केलेली सोय आपण आज सर्व्हरांना, कॅमेऱ्यांच्या कार्डांना, जाळ्यावरच्या दालनांना लावतो आणि मग टक्कर झाली की आश्चर्य करतो. युनिक्सने १९७० च्या सुमारासच वेगळा मार्ग घेतला होता. तेथे वृक्ष एकच. नवी डिस्क आली की ती त्या वृक्षाच्या एका फांदीवर जोडायची, आणि ती फांदी तुम्ही स्वतः नाव देऊन निवडायची. सव्वीसाची मर्यादा नाही, अक्षरांची ओढाताण नाही.”

“मग तेथे तंटाच होत नाही?”

भाचा थोडा थांबला. त्याचा प्रामाणिकपणा मला येथे मनापासून आवडला. “होतो,” तो म्हणाला. “लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे पडतात, आणि कोणती आधी सापडली यावर ती अवलंबून असल्यामुळे आजची एसडीबी उद्या एसडीसी होऊ शकते. म्हणून जाणते लोक जोडणीच्या कागदात ते नाव लिहीत नाहीत. डिस्कवरच्या विभागाचा युयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक लिहितात.”

“म्हणजे शेवटी कोणी तरी बसून लिहावे लागतेच,” मामा म्हणाले. “अक्षर असो की फांदी, ती नेमून दिली कोणी, हा प्रश्न आहे. तू अक्षरावर दोष ठेवतोस. मी म्हणतो, अक्षर निर्दोष आहे. दोष असा की ते माणसाने दिले नाही, आपोआप पडले, आणि आपोआप पडलेल्या गोष्टीची कोठे नोंद नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतून निवडून ४५ खंड छापले, ते रुमालाला क्रमांक होता आणि क्रमांकाची यादी होती म्हणून. रुमाल कोणत्या फडताळात आहे हे उद्या बदलेल. पण बदलले की यादीत लिहिले गेले पाहिजे.”

“फडताळ आणि रुमाल यांतला तो भेदच मी सांगतो आहे. अक्षर म्हणजे फडताळ. आपल्या सूचीत मात्र हरेक ओळीत एफ पासून सुरू होणारा पत्ता लिहिला आहे. म्हणजे ग्रंथाच्या नोंदीत फडताळ गोंदवून टाकले. सूचीत अक्षर नसावे. संग्रहाच्या मूळ फोल्डरापासून पुढचा मार्ग तेवढा असावा. मग संग्रह कोठेही हलवा, सूचीची एकही ओळ मोडणार नाही.”

“ते तत्त्व मला मान्य आहे. पण उद्या सकाळी दहा वाजता बाई येतील आणि एफ उघडतील. त्यांच्या हाताला तीच वहिवाट आहे. तुझे तत्त्व अमलात येईपर्यंत त्यांनी काय करावे?”

यावर भाच्याने उत्तर देण्याऐवजी एक गोष्ट करून दाखविली, आणि माझ्या मते त्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच. त्याने पडद्यावर आज्ञा लिहिण्याच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या; एक नेहमीसारखी, आणि दुसरी व्यवस्थापकाच्या अधिकाराने. दोहोंत एकच आज्ञा दिली: एफ मध्ये काय आहे ते दाखव. पहिल्या खिडकीत सामायिक दालनातील फोल्डर उमटले. दुसऱ्या खिडकीत वाड्यातील छायाचित्रांचे फोल्डर उमटले, जी डिस्क आम्हांला दिसत नव्हती तिचे. एकच यंत्र, एकच माणूस, एकच अक्षर. आणि दोन निरनिराळी ठिकाणे.

“व्यवस्थापकाच्या अधिकाराने जे चालते,” तो म्हणाला, “त्याचा प्रवेश वेगळा धरला जातो, म्हणून त्याची दुसरी यादीही वेगळी. त्या यादीत सामायिक दालन नाही. म्हणून त्याला मागची डिस्क दिसते. समजा, रात्री प्रती काढणारा एखादा कार्यक्रम याच अधिकाराने चालत असता. त्याला सांगितलेले असते की एफ ची प्रत काढ. तर ही डिस्क जोडलेली असताना त्याने संग्रहाची नव्हे, हिची प्रत काढली असती; आणि जुन्या प्रतीत जे आता एफ मध्ये नाही ते काढून टाक अशी आज्ञा त्याला दिलेली असती, तर त्याने संग्रहाची प्रत इमानाने पुसून टाकली असती. चूक झाल्याचा एकही शब्द कोठे उमटला नसता.”

मामा बराच वेळ त्या दोन खिडक्यांकडे पाहत राहिले. जमिनीच्या कामात त्यांनी असे पाहिले होते की दोन कागदांत एका गटाचे दोन धनी लिहिलेले आहेत आणि प्रत्येक कागद आपल्या जागी खरा आहे. अशा गटांचे तंटे दोन-दोन पिढ्या चालत. डिस्क दिसत नाही ही गैरसोय असते आणि माणूस तिच्याविषयी लगेच ओरड करतो. पण दोन ठिकाणे एका नावाने दिसतात आणि दोन्ही ठिकाणी सर्व काही ठीक भासते, ही अवस्था कागद सांभाळणाऱ्याला खरी भीतिदायक आहे. माझ्या हातून ज्यांच्या घरचे मोडी कागद पावती देऊन घेतले गेले त्यांची नावे त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून सरकली.

“हलवायचे कोणाला, ते आधी ठरवा,” मामा अखेर म्हणाले.

येथे दोघांत पुन्हा मतभेद झाला. भाच्याचे म्हणणे, जाळ्यावरची दालने वर्णमालेच्या शेवटाकडून बसवावी. विंडोजसुद्धा असे दालन जोडताना झेड पासून मागे येत अक्षर सुचविते, ते याचसाठी. डिस्क आणि पेन ड्राइव्ह यांना आरंभीची मोकळी अक्षरे मिळत जातात, आणि काही कार्ड वाचणारी यंत्रे तर प्रत्येक खाचेसाठी एकेक अक्षर धरून ठेवतात. म्हणून ई, एफ, जी, एच या गर्दीत कायमचे दालन ठेवणे मुळातच चुकीचे होते. तेव्हा सामायिक दालन झेड वर न्यावे. मामांचे म्हणणे, सूचीतील हरेक ओळ आज एफ वर उभी आहे. सूची दुरुस्त झाल्यावाचून दालन हलविले तर एका तंट्याचे शेकडो तंटे होतील. डिस्क बाहेरगावाहून आली आहे, तिच्यावर अद्याप कोणाचे काम अवलंबून नाही; म्हणून आज तिनेच जागा बदलावी. मला मामांचा निर्णय योग्य वाटला आणि मी तसे सांगितले. हलविण्याचा खर्च ज्याला कमी त्याने हलावे, हा न्याय येथे हक्कापेक्षा श्रेष्ठ आहे.

प्रत्यक्ष काम मिनिटाभराचे होते. डिस्क मॅनेजमेंटमधील त्या पट्टीवर उजवी कळ, मग ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, आणि यादीतून नवे अक्षर. मामांनी पी सुचविले, प्रतींची डिस्क म्हणून. यंत्राने बजावले की या अक्षरावर अवलंबून असलेले कार्यक्रम कदाचित चालणार नाहीत. भाच्याने ती सूचना वाचून दाखविली, होकार दिला, आणि त्याच क्षणी डिस्क सर्वांच्या दृष्टीस पडली. अक्षर बदलल्याने आतल्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. बदलते ती केवळ दारावरची पाटी. मात्र सी हे अक्षर, ज्यावर विंडोज स्वतः राहते, त्याला कोणी हात लावू नये. ज्यांना अक्षरच नको असेल त्यांच्यासाठी त्याच ठिकाणी दुसरी सोय आहे: एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरील एखाद्या रिकाम्या फोल्डरात नवी डिस्क जोडता येते, आणि मग ती त्या फोल्डरातूनच उघडते. भाच्याला हीच रीत अधिक पसंत होती. मामा म्हणाले, सूची दुरुस्त झाली की तसे करू.

“आणि जे परत येणारच नाहीत त्यांच्या नोंदींचे काय?” त्यांनी विचारले. “तीन वर्षांत किती पेन ड्राइव्ह या यंत्राला लागून गेले असतील. ते सगळे मिरासदार म्हणून बसून आहेत?”

“बसून आहेत. ‘माउंटव्हॉल’ या आज्ञेला आर ही खूण जोडली की, जे सध्या जोडलेले नाहीत त्यांची अक्षरांची नोंद ती काढून टाकते.”

“गतकुळ,” मामा म्हणाले. “पण ज्या डिस्क परत यायच्या आहेत त्या आधी जोडून घे, आणि मगच ते कर. परागंदा आणि गतकुळ यांत गल्लत होता कामा नये.”

भाच्याने मान डोलावली. मग त्याने आणखी एका तंट्याची माहिती दिली, जो अक्षराचा नसून ओळखीचाच आहे. एखाद्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर तिच्यावरची सहीही तीच उतरते. मूळ व नक्कल दोन्ही एका यंत्राला जोडल्या की विंडोज दुसरीला ‘ऑफलाइन’ ठेवते आणि सहीची टक्कर झाल्याचे कारण देते. तिला ‘ऑनलाइन’ आणता येते, पण आणताना यंत्र तिच्यावर नवी सही लिहिते. ती नक्कल पुढेमागे यंत्र सुरू करण्यासाठी ठेवलेली असेल तर त्या नव्या सहीमुळे ती कामी न येण्याचा संभव असतो. म्हणून अशी नक्कल मूळ डिस्कच्या शेजारी उगाच जोडू नये. मामांनी हे ऐकून घेतले आणि नक्कल म्हणून शिक्का मारलेला कागद मूळ दप्तरात न ठेवण्याचा आपल्या खात्यातला दंडक सांगितला.

निघताना भाचा म्हणाला, “आजोबा, पाच वर्षांनी ही अक्षरे आपल्याकडे नसतील.” मामा म्हणाले, “नसोत. त्या दिवशी मी आपल्या नोंदवहीच्या शेवटच्या ओळीत तसे लिहीन.” कोणाचे बरोबर ठरेल हे मी सांगू शकत नाही, आणि दोघांपैकी कोणी आपले मत बदलले असेही नाही.

वाचकांस एकच विनंती. जोडलेली डिस्क दिसत नाही, किंवा यंत्र ‘फॉरमॅट करा’ अथवा ‘इनिशिअलाइझ करा’ म्हणते, तेव्हा होकाराची कळ दाबण्यापूर्वी डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क तेथे शाबूत आहे काय आणि तिच्यापुढे कोणते अक्षर आहे ते वाचा, आणि ते अक्षर जाळ्यावरच्या एखाद्या दालनाने घेतलेले नाही ना हे पाहा. आमच्या वाचनालयात आता संगणकाशेजारी एक लांबट नोंदवही असते. तिच्या पहिल्या पानावर मामांच्या हस्ताक्षरात लिहिले आहे: एफ, सामायिक दालन, पी, प्रतींची बाह्य डिस्क, झेड, राखीव. आणि त्या डिस्कच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदी पट्टीवर काळ्या शाईने पी हे अक्षर व नोंदवहीतील पानाचा क्रमांक आहे.